पोळ्याला सुरू झालेला नोकरीचा शोध : हिंगणघाट पट्ट्यातलं एक प्रकरण

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संगणक आणि टायपिंगचा वर्ग चालवते. शिकून गेलेल्या मुली वर्ष-दोन वर्षांनी भेटतात, तेव्हा मी एकच विचारते, "काय चाललं?" बहुतेकींचं उत्तर असतं, "जागा निघायची वाट पाहून राहिली, मॅडम." हे प्रकरण त्यांच्यातल्या एकीचं आहे. तिने जागा निघायची वाट पाहिली नाही. २०२४ च्या पोळ्यापासून पुढचे सात-आठ महिने काय काय झालं, कुठे अडलं आणि कुठे माझा सल्ला चुकला, ते इथे सविस्तर लिहिते आहे. तिच्या संमतीने लिहिते आहे. तिचं नाव बदललं आहे. गावाचं, जिनांचं (म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचं) आणि माणसांचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

प्रणाली समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावची. वडिलांकडे पाच एकर कोरडवाहू शेती, तीन एकरांत कापूस, दोन एकरांत सोयाबीन आणि तूर. धाकटा भाऊ बारावीला. ती २०२२ मध्ये बी.कॉम. झाली. एमएस-सीआयटी होतं, मराठी ३० आणि इंग्रजी ४० टायपिंग होतं, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडेच शिकली होती. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा दिली, यादीत नाव लागलं नाही. त्यानंतर सकाळी गावातल्या अभ्यासिकेत, दुपारी शेतात, असं चाललं होतं. घरात लग्नाचा विषय निघायला लागला होता. वडील समजूतदार आहेत, पण "अजून किती दिवस?" हा प्रश्न त्यांच्याही तोंडी येत होता, आणि तो प्रश्न चूक नव्हता.

गाव मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत. हिंगणघाटला जायचं तर सकाळची एक बस, नाहीतर जाम चौरस्त्यापर्यंत पोचून पुढची गाडी. संध्याकाळी परतीची शेवटची बस सव्वासहाला. ही वेळ पुढे फार महत्त्वाची ठरली.

अडचण नेमकी कुठे होती

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, ३ सप्टेंबरला, ती वर्गावर आली. रस्त्यावर लहान पोरं लाकडी बैल घेऊन निघाली होती. ती म्हणाली, "मॅडम, जाहिरातच नाही निघाली तर अर्ज कुठं करू?"

मला वाटतं, आपल्याकडच्या शिकलेल्या मुलांची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. नोकरी म्हणजे जाहिरात, जाहिरात म्हणजे सरकार, ही सांगड इतकी घट्ट बसली आहे की डोळ्यांसमोरची कामं दिसत नाहीत. हिंगणघाट हे कापसाचं जुनं गाव. इंग्रजांच्या काळातही इथल्या कापसाला नाव होतं. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. हंगाम लागला की जिनिंगमध्ये काट्यावर माणूस लागतो, पावत्या करायला लागतो, हिशेबाला लागतो, गठाणींची नोंद ठेवायला लागतो. यातल्या एकाही जागेची जाहिरात येत नाही. पोळ्याच्या आसपास यंत्रांची दुरुस्ती सुरू होते तेव्हा फिटर आणि इलेक्ट्रिशियन ठरतात, दसऱ्याच्या काटापूजनापर्यंत ऑफिसची माणसं ठरतात. दिवाळीनंतर जाऊन विचारणाऱ्याला "आता भरलं" एवढंच ऐकायला मिळतं.

दुसरी गाठ घरातली. माणसं ठरतात त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते, आणि माणूस कामावर बोलावला जातो तेव्हा कापसाची वेचणी लागलेली असते. तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "तू गेली तं वेचाले बाई लावा लागते." म्हणजे तिचा पगार घरी येण्याआधीच त्यातून एका वेचणाऱ्या बाईची मजुरी वजा होणार होती. शहरातल्या मुलामुलींना नोकरी शोधताना हा हिशेब करावा लागत नाही. आमच्याकडे तो पहिला करावा लागतो.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी वर्गात बसून आम्ही पाच पर्याय कागदावर मांडले.

पहिला, परीक्षांचा अभ्यास चालू ठेवायचा आणि बाकी काही करायचं नाही. हा तिने स्वतःच खोडला. अभ्यास सोडायचा नव्हता, पण दोन वर्षं नुसत्या अभ्यासावर गेली होती.

दुसरा, नागपूर किंवा बुटीबोरी. दिवाळीच्या तोंडावर तिथली दुकानं, गोदामं माणसं घेतात. पण खोलीचं भाडं, खानावळ आणि घरच्यांची काळजी या सगळ्याला पुरून उरेल एवढा पगार तात्पुरत्या कामात मिळत नाही. तिसरा, लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांची वसुलीची नोकरी. ती लगेच मिळत होती. गाडी चालवत गावोगाव हप्ते गोळा करायचे. प्रणाली म्हणाली, "आमच्याच गावातल्या बायांच्या दारात उभी राहून पैसे मागू?" विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय खरोखर चांगला होता. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली होती. बारावी पास असेल तर ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन, सहा महिन्यांसाठी, थेट खात्यात. महास्वयम पोर्टलवर नोंदणी करायची. ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी घेतले जात होते, खासगी आस्थापनाही त्यात येऊ शकत होत्या. प्रणालीने नोंदणी केली आणि ती रास्तच केली. अडचण एकच होती, सहा महिन्यांनंतर नोकरीची हमी योजनेत नव्हती.

पाचवा पर्याय जिनिंग. त्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. मलाही जेमतेम माहीत होतं. तिचे बाबा म्हणाले, "जिनवर पोरीनं काय कराचं? तिथं सारे हमाल अन् ट्रॅक्टरवाले रायते."

पत्र्याच्या पेटीतली यादी

यादी करायची तर जिनांची नावं, पत्ते, फोन नंबर कुठून आणायचे हा प्रश्न होता. इंटरनेटवर अर्धवट माहिती सापडत होती. तेव्हा प्रणालीला आठवलं की बाबा काटापट्ट्या फेकत नाहीत. घरी पत्र्याच्या पेटीत, पीककर्जाच्या कागदांखाली, गेल्या आठ-नऊ वर्षांच्या पावत्यांचा गठ्ठा होता. दुसऱ्या दिवशी ती तो गठ्ठा घेऊनच आली.

आम्ही त्या पावत्या टेबलावर पसरल्या. काही कार्बनच्या, निळ्या पडलेल्या, काही संगणकावर छापलेल्या. प्रत्येकीवर जिनचं नाव, पत्ता, फोन. खाली भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, भाव, हमाली, एकूण रक्कम. त्या गठ्ठ्यातून नऊ जिनांची नावं निघाली. बाजार समितीच्या आवारात विचारून आणखी दोन मिळाली. सरकीच्या तेलाच्या दोन गिरण्या आणि एक गोदाम धरून यादी चौदावर गेली.

पावत्यांमधून आणखी एक गोष्ट कळली, जी मला एरवी सुचली नसती. एका जिनची पावती २०१९ पर्यंत हाताने लिहिलेली होती, नंतर छापील झाली. दुसऱ्या जिनच्या २०२३ च्या पावत्याही हातानेच लिहिलेल्या, आणि एकीवर बेरीज खोडून दुरुस्त केलेली. प्रणाली त्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "यायले माणूस पाहिजे." बाबा त्या रात्री पावत्या पाहत बसले, कोणत्या जिनचा मुनीम नीट बोलतो, कुठे काटा चोख, कुठे पैशासाठी चकरा माराव्या लागतात, हे सगळं सांगत गेले. ज्या कामाला त्यांचा विरोध होता, त्याची सगळ्यात चांगली माहिती त्यांच्याचकडे होती. विरोध तिथे सैल झाला, असं मला वाटतं.

पोळा ते दसरा

गणपती बसल्यानंतर ९ सप्टेंबरपासून सोयाबीनची सोंगणी लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत सगळ्या ठिकाणी जाऊन यायचं ठरलं. सहा फेऱ्या झाल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून हे शक्य झालं. पूर्ण तिकीट असतं तर सहाच्या तीन फेऱ्या झाल्या असत्या.

पहिल्या फेरीत दोन चुका झाल्या. एक माझी. मी तिला इंग्रजीत दोन पानी बायोडेटा करून दिला होता, वर ध्येय, खाली छंद, सगळं. पहिल्याच जिनमध्ये मुनीमजींनी तो न वाचता बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई, टॅली येते का? शेतकऱ्याच्या खरेदीची आरसीएमची एन्ट्री येते का?" तिला टॅली येत होतं. ही एन्ट्री येत नव्हती, कारण मी ती शिकवलेलीच नव्हती.

दुसरी चूक बाबांना सोबत नेण्याची. काळजीपोटी गेले होते, पण शेटजी सगळं बोलणं बाबांशीच करत राहिले. ती शेजारी उभी. नंतरच्या फेऱ्यांना ती गावातल्या एका मैत्रिणीला घेऊन गेली. मैत्रिणीलाही काम हवंच होतं.

त्या रात्री मी स्वतः आरसीएमचं, म्हणजे रिव्हर्स चार्जचं, समजून घेतलं. शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणी नसते. म्हणून त्याच्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के कर विकणारा नाही, घेणारी नोंदणीकृत जिन भरते, आणि भरलेला कर नंतर वळता करून घेते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून कापसाला हा नियम लागू आहे. म्हणजे सात वर्षं आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक जिनमध्ये ही एन्ट्री रोज होत होती आणि माझ्या वर्गात मी साड्यांच्या दुकानाची उदाहरणं शिकवत होते. पुढच्या चार दिवसांत प्रणालीने खरेदीची, आरसीएमची, ई-वे बिलाची एन्ट्री घटवली. सरावाला घरच्याच पावत्या घेतल्या, वजन तेच, भाव तोच. बायोडेटा अर्ध्या पानाचा मराठीत केला: नाव, गाव, शिक्षण, काय येतं, कधीपासून येऊ शकते, फोन.

दारात गेल्यावर "काम आहे का?" असं विचारायचं नाही, हेही तिसऱ्या फेरीपर्यंत लक्षात आलं. त्याला उत्तर "नाही" हेच येतं. ती विचारायला लागली, "यंदा जिन केव्हा सुरू होते? सीसीआयचं केंद्र तुमच्याकडे आहे का?" या दुसऱ्या प्रश्नाने बोलणं पुढे जायचं. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ. ते हंगामाआधी खासगी जिन करारावर घेऊन तिथे खरेदी केंद्र चालवतं. खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली राहिला की शेतकरी केंद्राकडे वळतो, आणि केंद्र असलेल्या जिनमध्ये काम महिनोन्महिने चालतं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि बाजार बहुतेक काळ त्याखालीच राहिला. सप्टेंबरात हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. पण केंद्र असलेली जिन जास्त भरवशाची, एवढं मुनीमजींच्या बोलण्यावरून कळत होतं.

चौदापैकी तिघांनी सरळ नाही म्हटलं. एकाने "आम्हाले पोरगा पाहिजे" असं तोंडावर सांगितलं. बाकी बऱ्याच जणांनी "दसऱ्यानंतर पाहू" म्हटलं. दोघांनी मात्र तिचा कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला.

निर्णयाचा आठवडा

घटस्थापना ३ ऑक्टोबरला झाली आणि त्या आठवड्यात तीन गोष्टी एकदम समोर आल्या.

एका लहान जिनने ८,००० रुपयांवर बोलावलं. केंद्र नाही, पण जिन बस जाते त्याच रस्त्यावर. दुसरी जिन केंद्राची. पगार ९,५००, सुरुवात दसऱ्यानंतर, पण बसस्थानकापासून आत, शेअर ऑटोने जावं लागणार. आणि गावच्या ग्रामपंचायतीत युवा प्रशिक्षणाखाली तिची निवड होईल असं ग्रामसेवकांनी सांगितलं. १०,००० रुपये, घरापासून पाच मिनिटं चालत.

आम्ही हिशेब मांडला. केंद्राच्या जिनला रोजचा खर्च, जाऊन-येऊन अर्धं तिकीट ५० आणि ऑटोचे २०, मिळून ७०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,८२० रुपये. हातात उरतात ७,६८०. ग्रामपंचायतीपेक्षा २,३२० रुपये कमी, शिवाय वेचणीला लावलेल्या बाईची मजुरी वेगळी. आईचं म्हणणं सरळ होतं, जास्त पैसे घरात बसून मिळत असतील तर दूर कशाला जायचं? बाबा गप्प होते.

माझं मत जिनकडे होतं, पण मी ते ठामपणे सांगितलं नाही. दर महिन्याला दोन-अडीच हजारांचा फरक पाच एकर कोरडवाहूच्या घरात लहान नसतो आणि तो मला सोसायचा नव्हता. मी फक्त एक प्रश्न विचारला, सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, कोणत्या कामातून तुला पुढचं दार दिसेल? तिने दोन दिवस घेतले. मग फोन आला, "मॅडम, ग्रामपंचायतीत मला जे येते तेच करावं लागन. मुनीमजीले जे येते ते मले नाही येत." तिने केंद्राची जिन निवडली.

दसरा १२ ऑक्टोबरला होता. १५ तारखेला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, मतदान २० नोव्हेंबरला. महिनाभर नव्या सरकारी भरतीचं नावच नव्हतं. अभ्यासिकेतली बाकीची मुलं त्या महिन्यात अक्षरशः बसून होती. आचारसंहितेचा अंदाज घेऊन आम्ही काही ठरवलं नव्हतं, तो योगायोग. पण निवडणुकीच्या वर्षी शरदातला शोध खासगी कामांकडेच वळवावा लागतो, हे मी त्यातून शिकले.

काम

पहिले पंधरा दिवस आवक कमी होती. दिवाळीनंतर ट्रॅक्टर, मेटॅडोर, पिकअपची रांग फाटकाबाहेर लागायला लागली. केंद्रावर ग्रेडर ओलावा मोजायचे. ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर कापूस परत. परत पाठवलेल्या गाडीचा शेतकरी ऑफिसच्या खिडकीशी येऊन आपली व्यथा मांडायचा आणि खिडकीत प्रणाली असायची.

तिच्याकडे कागद तपासायचं काम आलं. सातबारा, त्यावर कापसाची पीकपाहणी, आधार, बँकेचं पासबुक. एका दुपारी शेजारच्या तालुक्यातले एक म्हातारे आजोबा आले. सातबारावर अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांचं नाव. वारस नोंद केलेलीच नव्हती. गाडी भाड्याची, बाहेर ड्रायव्हर ओरडतो आहे. प्रणालीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वारस नोंदीला काय लागतं ते कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्या दिवशी त्यांचा कापूस केंद्रावर घेता आला नाही, त्यांनी तो खासगीत कमी भावाने विकला. ती संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "मले वाटलं माह्याच आजोबाले परत पाठवलं." नियम तिने मोडला नाही आणि मोडायला नकोच होता. पण त्या दिवसापासून तिने खिडकीवर लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरांत चिकटवली आणि गाव सोडण्याआधी कागद पाहून या, असं फोनवर सांगायला सुरुवात केली. मुनीमजींनी ते पाहिलं.

डिसेंबरात खरी अडचण आली. रांग रात्री नऊपर्यंत चालायची आणि तिची शेवटची बस सव्वासहाची. कामाची वेळ आम्ही ठरवतानाच विचारली नव्हती. पगार विचारला, सुरुवात विचारली, वेळ नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा बस चुकली. एकदा बाबा गाडी घेऊन रात्री जामपर्यंत आले, एकदा ती मावशीकडे हिंगणघाटला राहिली. शेटजींचं म्हणणं, "गाड्या उभ्या असताना काटा बंद कसा कराचा?" तेही खोटं नव्हतं.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या: काम सोडणं, मावशीकडे राहणं, किंवा वेळ बदलून मागणं. तिने तिसरी निवडली आणि मागताना नुसती अडचण न सांगता व्यवस्था सांगितली. सकाळी आठला येते, आदल्या रात्रीच्या सगळ्या पावत्या टॅलीत घेते, कागद तपासते आणि साडेपाचला निघते. रात्रीच्या काट्यावर आधीच असलेला मुलगा फक्त वजन आणि पावती करेल. सकाळच्या बसने आठला पोचता येत नव्हतं, म्हणून बाबा तिला रोज गाडीवर जामपर्यंत सोडायचे. मुनीमजींनी शेटजींना समजावलं. जानेवारीत पगार १०,५०० झाला.

निष्पत्ती

मार्चमध्ये आवक ओसरली आणि हंगामी माणसं कमी होऊ लागली. हे होणार हे माहीत होतं, म्हणून पुढचा शोध तिने जानेवारीतच सुरू केला होता. जिनचा जीएसटी आणि आयकराचा हिशेब पाहणारे करसल्लागार महिन्यातून दोनदा यायचे. त्यांच्या माणसाला कागद काढून देण्याचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं. मुनीमजींनी शब्द टाकला. १ एप्रिल २०२५ पासून ती त्या करसल्लागारांच्या ऑफिसात लागली, पगार १२,०००, वेळ दहा ते साडेपाच. अजूनही ती परीक्षांचे फॉर्म भरते, रविवारी अभ्यासिकेत बसते. लग्नाचा विषय बंद झाला नाही, पण घरात तो आता तिला विचारून निघतो.

तिच्या मैत्रिणीचं काय झालं, तेही लिहायलाच हवं. तीच यादी, त्याच फेऱ्या, टायपिंग प्रणालीपेक्षा चांगलं. तिला ८,००० वाल्या लहान जिनने घेतलं. ती जिन नोव्हेंबरभर चालली, मग कापूस केंद्रांकडे वळला आणि जिन आठवड्यातून दोन दिवस चालू लागली. डिसेंबरच्या मध्याला तिला "गरज लागली की बोलावतो" सांगितलं. ते बोलावणं आलं नाही. तोवर प्रशिक्षण योजनेतली ग्रामपंचायतीची जागाही दुसऱ्याला गेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कामाची वेळ. काट्याचं काम गाड्यांवर चालतं, घड्याळावर नाही. हे बाबांना माहीत होतं, ते स्वतः कितीदा रात्री दहाला कापूस मोजून आले होते. आम्ही त्यांना जिनांबद्दल सगळं विचारलं, हे विचारलं नाही. त्याच्याच जोडीला, बायकांसाठी संडासाची सोय आहे का, हेही पहिल्या भेटीत पाहायला हवं होतं. तिथे एकच होता, कुलूप लावलेला, किल्ली मुनीमजींकडे. दोन महिने तिने दिवसभर पाणी कमी प्यायलं. मला हे फेब्रुवारीत कळलं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. नंतर तिने किल्ली स्वतःकडे मागून घेतली आणि रुई भरणाऱ्या मजूर बायांनाही ती द्यायला लागली. पहिल्या दिवशीच मागितली असती तरी मिळाली असती.

दुसरं, काहीच लेखी घेतलं नाही. नोव्हेंबरच्या पगारात चार दिवस कमी लागले. तिने वहीत रोजची हजेरी लिहिली होती म्हणून दोन दिवसांचे पैसे मिळाले. भविष्य निर्वाह निधी कापलाच गेला नाही. २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी तो कायदा लागू होतो, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो भरावाच लागतो. हंगामात त्या जिनमध्ये २० पेक्षा नक्कीच जास्त माणसं होती. नोकरी नवी असताना हा विषय काढणं सोपं नाही, हे मला कळतं. पण निदान नोकरी सोडताना विचारायला हवं होतं.

तिसरी गोष्ट मला अजून बोचते. युवा प्रशिक्षण योजनेत खासगी आस्थापनाही येऊ शकत होत्या. आम्ही योजना आणि जिन हे एकमेकांसमोरचे पर्याय धरले. शेटजींना सप्टेंबरातच नोंदणीचं विचारलं असतं तर कदाचित सरकारचं विद्यावेतन आणि जिनमधलं शिकणं, दोन्ही एकत्र जुळलं असतं. पुढे २०२५ मध्ये योजनेची मुदत सहा महिन्यांवरून ११ महिने झाली. म्हणजे आम्ही ज्या "सहा महिन्यांनी काय" या प्रश्नावर निर्णय घेतला, तो प्रश्नच पुढे बदलला. तरीही प्रणाली म्हणते की तिने तेच निवडलं असतं. मला तेवढी खात्री नाही. तिच्या मैत्रिणीच्या बाबतीत तर ग्रामपंचायतच बरी होती, आणि केंद्र नसलेल्या जिनला हो म्हणण्याआधी तिला थांबवायला हवं होतं, हे मी माझ्याकडे घेते.

२०२५ च्या पोळ्याआधी त्याच जिनच्या मुनीमजींचा प्रणालीला फोन आला, "तू नाही तं तुझ्यासारखी एखादी पोरगी सांग." तिने मैत्रिणीचं नाव दिलं. मैत्रीण जाऊन आली, एन्ट्री करून दाखवली, किल्लीचं विचारलं, हजेरीचं विचारलं. सुटण्याची वेळ मात्र मुनीमजी सात म्हणतात, आणि गावची शेवटची बस सव्वासहाला आहे. साडेपाचला सुटायची प्रणालीची व्यवस्था तिलाही द्या, असं दोघी मिळून शेटजींना सांगायला जाणार आहेत.